धातूचं धातूवर, तळ्याचं तळ्यात

उन्हाळाभर तळ्यात राहिलेली नाव पाण्याबाहेर काढली की तिच्या कुशीवर एक रेघ उमटलेली दिसते. पाणी जिथवर होतं तिथवर. रेघेच्या वर ॲल्युमिनियमचा करडा पत्रा जसाच्या तसा. रेघेलगत पांढरा पट्टा, नखानं खरवडला तर भुकटी सुटणारा. त्याच्याखाली पिवळट-तपकिरी राप, आणि तळाशी शेवाळाचा हिरवा, बुळबुळीत थर. हा थर ओला असेतो हातानं निघतो, एकदा उन्हात वाळला की हटून बसतो. रिव्हेटांच्या रांगांभोवती हे सगळं जास्त दाट असतं, कारण पाणी तिथे थबकतं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ऑक्टोबर लागला की घरोघरच्या आवारात अशा नावा ट्रेलरवर येऊन बसतात. तळी गोठण्याआधी त्या बाहेर काढाव्याच लागतात. इथल्या गाड्यांच्या नंबरपाट्यांवर ‘दहा हजार तळी’ असं छापलेलं असतं. दहा एकर आणि त्याहून मोठी तळी मोजली तर आकडा ११,८४२ वर जातो. नोंदलेल्या नावाही आठ लाखांच्या पुढे आहेत. त्यांतल्या कितीतरी साध्या ॲल्युमिनियमच्या, चौदा-सोळा फूट लांब, आडव्या बाकांच्या, मागे लहानसं इंजिन लावलेल्या, गळ घेऊन निघालेल्या तिघाचौघांना पुरेशा. आमची नाव त्यांतलीच. ती पाण्यात लोटायला घरातले सगळे उत्साहानं येतात. हिवाळ्यापूर्वी ती धुण्याचं काम मात्र मी हौसेनं माझ्याकडे घेतलं आहे.

हे काम करता करता एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. स्वच्छ करणं आणि चकचकीत करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पुष्कळदा ती एकमेकांच्या आड येतात. नावेच्या बाबतीत येतात, आणि ज्या तळ्यात ती तरंगते त्याच्या बाबतीतही येतात.

आधी त्या पांढऱ्या पट्ट्याचं पाहू. तो चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. शेवटच्या हिमयुगात कॅनडातल्या मॅनिटोबाच्या बाजूनं बर्फाचा अजस्र थर सरकत आला, तेव्हा वाटेतला चुनखडक भरडत, ती भरड पोटात घेऊन आला. बर्फ वितळला, भरड इथेच राहिली. मध्य आणि पश्चिम मिनेसोटातली बरीच तळी या मातीत आहेत. पावसाचं पाणी तिच्यातून झिरपताना चुना विरघळवून घेतं आणि तळ्याचं पाणी जड होतं. उन्हाळ्यात शेवाळं आणि पाणवनस्पती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, तेव्हा हा विरघळलेला चुना पुन्हा सुटा होऊ लागतो. त्यातच नावेच्या कुशीवर लाट चढते, ओल वाळते, पुन्हा लाट चढते. दर वेळी डोळ्यांना न दिसणारं एक पूट मागे राहतं. जून ते सप्टेंबर असं चाललं की रेघ तयार.

राज्याच्या ईशान्येला, सुपीरियर सरोवराच्या वरच्या अंगाला, गोष्ट निराळी आहे. तिथे अतिप्राचीन, कठीण खडकाचं कातळ उघडं पडलेलं आहे. त्यातून पाण्याला फारसं काही मिळत नाही, म्हणून तिथली तळी मऊ पाण्याची. तिथल्या नावेवर पांढरं फार धरत नाही. पण दलदलीत कुजणाऱ्या वनस्पतींचं टॅनिन उतरतं आणि पत्रा तपकिरी रापतो. जाणता माणूस नावेची कूस पाहून ती उन्हाळाभर साधारण कुठे होती ते सांगू शकतो. बोअरच्या पाण्यावर वाढलेल्या मराठी माणसालाही ही विद्या थोडीफार असतेच. गीझरची कॉइल आणि नळाची तोटी पाहून आपण गावचं पाणी ओळखतो.

डाग कशाचा ते कळलं, तरी डागाखाली काय आहे ते समजल्याशिवाय त्याला हात लावू नये. ॲल्युमिनियमचा ताजा कापलेला पृष्ठभाग हवेला लागताक्षणी ऑक्सिजनशी जोडला जातो आणि त्यावर एक पातळ आवरण चढतं. मिलिमीटरचे दोन-तीन लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी त्याची जाडी. हे आवरण म्हणजे ॲल्युमिना. माणिक आणि नीलम ज्याचे बनलेले असतात तेच द्रव्य. लोखंडावरचा गंज भुगा होऊन गळतो आणि खालचं लोखंड नव्यानं उघडं पाडतो. ॲल्युमिनियमचं आवरण धातूला घट्ट धरून राहतं आणि पुढची झीज थांबवतं. ओरखडा पडला तर तिथे ते आपोआप पुन्हा धरतं. नाव जुनी होईल तसं ते थोडं जाड, थोडं मंद होत जातं. आपण ज्याला ‘कळा गेली’ म्हणतो तो करडेपणा या धातूनं स्वतःसाठी विणलेला असतो.

या आवरणाची ताकद नेमकी कशात आहे, ते पाहायला मला मिनेसोटातून उठून कोल्हापूरकडे जावंसं वाटतं. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडच्या पठारावर बॉक्साइटच्या खाणी आहेत. ॲल्युमिनियम पृथ्वीच्या कवचात इतर कुठल्याही धातूपेक्षा जास्त आहे, पण तो मोकळा असा सापडत नाही. तो काढावा लागतो या बॉक्साइटमधून. सह्याद्रीच्या माथ्यावर काळ्या पाषाणावर लक्षावधी वर्षं पाऊस कोसळत राहिला. त्या पावसानं दगडातलं कॅल्शियम नेलं, सोडियम नेलं, हळूहळू वाळूचं द्रव्य असलेली सिलिकाही नेली. लोह मागे राहिलं आणि ॲल्युमिना मागे राहिली, कारण ती पाण्याला सहजी वश होत नाही. जांभा झाला तो असा, आणि त्यात जिथे ॲल्युमिना पुरेशी साठली तिथे बॉक्साइट झालं. पावसाला नेता आलं नाही ते बॉक्साइट.

हे ध्यानात घेतलं की नावेच्या कुशीवर काय चाललं आहे ते उलगडतं. कॅल्शियम पाण्याबरोबर जाणारं, ॲल्युमिना पाण्याला पुरून उरणारी. पठारावर ज्या गुणामुळे ती मागे राहिली त्याच गुणामुळे पातळ पत्र्याची नाव वर्षानुवर्षं पाण्यात टिकते. डाग वाटेनं चाललेल्याचा आहे, पत्रा ठाण मांडून बसलेल्याचा आहे. धुणाऱ्यानं दोघांतला फरक ओळखायचा. पाण्यानं आलेलं पाण्याबरोबर पाठवायचं, आणि पाणी ज्याला हलवू शकलं नाही त्याला आपणही हलवायचं नाही.

नाव होण्याआधी या धातूनं बरीच प्रतिष्ठा भोगली आहे. वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर १८८४ साली सुमारे २.८ किलोचं ॲल्युमिनियमचं टोक बसवलं, तेव्हा त्याचा भाव चांदीच्या जवळपास होता. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी एकमेकांच्या नकळत विजेच्या साहाय्यानं तो स्वस्तात काढायची रीत शोधली. दुसऱ्या महायुद्धानं त्याची विमानं केली. विमानं बनवणाऱ्या ग्रमन कंपनीतले विल्यम हॉफमन १९४४ साली ॲडिरोंडॅकच्या डोंगरात कॅन्व्हास मढवलेली जड लाकडी होडी खांद्यावर वाहून थकले आणि त्यांना विमानाच्या पत्र्याची होडी सुचली. युद्ध संपताच ती बाजारात आली. मिनेसोटातल्या न्यूयॉर्क मिल्स या छोट्या गावात १९४८ पासून लुंड कंपनीच्या नावा बनू लागल्या. एकट्यादुकट्यानं पाण्यात लोटता येईल, दगडावर घासली तरी फुटणार नाही आणि दरवर्षी रंगवावी लागणार नाही अशी नाव सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती या धातूमुळे. रंग न लावता ती उघडी राहू शकते, कारण ती स्वतःचं राखण स्वतः करते.

आता धुण्याकडे वळते. पहिलं पाणी शक्य तितक्या लवकर, नाव ओली असतानाच. मऊ ब्रश, बादलीभर पाण्यात थोडा सौम्य साबण. शेवाळ आणि चिखल एवढ्यानं निघतो. मग उरतो पांढरा पट्टा. त्यासाठी मी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालते, जुन्या सुती पंच्याच्या लांब पट्ट्या त्यात भिजवते आणि पट्ट्यावर थापून बसवते, म्हणजे उभ्या पत्र्यावर ओल टिकते. काम सावलीत करायचं, पत्रा गार असताना. कान जवळ नेला तर बारीक चुरचुर ऐकू येते. चुन्यातला कार्बन डायऑक्साइड बुडबुडे होऊन निघत असतो. काही मिनिटांनी फडकं उचललं की खाली चुन्याची खीर झालेली असते. ती लाकडी उलथन्यानं हलके सारायची, भरपूर पाण्यानं धुवायची, आणि उरलं असेल तिथे पुन्हा फडकं लावायचं. जोर लावायचा नाही. वेळ लावायचा.

व्हिनेगर लावताना खालून वर जायचं, हे इथल्या जुन्या नाववाल्यांकडून मी शिकले. वरून सुरुवात केली तर ओघळ कोरड्या, मळक्या पत्र्यावरून उतरतात आणि त्यांच्या फिकट रेषा नंतर जाता जात नाहीत. तपकिरी रापाला व्हिनेगर पुरत नाही. त्याला ऑक्झॅलिक आम्ल लागतं. अळूत आणि पालकात थोड्या प्रमाणात असतं तेच, पण भुकटीच्या रूपात विषारी, म्हणून हातमोजे घालून, कोमट पाण्यात अगदी पातळ करून. तेही चुना पूर्ण निघाल्यावरच. चुन्याशी गाठ पडली तर ऑक्झॅलिक आम्लाचा न विरघळणारा क्षार होतो, मुतखड्यात सापडतो तो, आणि एका डागाचे दोन होतात. सगळ्या कामाचं पाणी मी तळ्यापासून आणि रस्त्याकडेच्या गटारापासून दूर, आवारातल्या खडीवर सोडते. इथली पावसाच्या पाण्याची गटारं पुष्कळ ठिकाणी थेट तळ्यांना मिळतात.

आई भारतातून आली होती त्या वर्षी हे सगळं ती खुर्ची टाकून पाहत बसली होती. व्हिनेगरचा वास आला तशी उठून जवळ आली आणि पत्र्यावर बोट फिरवून म्हणाली, “ही जर्मनचीच ना गं? मग यात नवं ते काय? कुकरच्या पाण्यात चिंचेचं बुटुक टाकतोच की आपण, काळा पडू नये म्हणून.”

जर्मन म्हणजे ॲल्युमिनियमच, आणि तिचं म्हणणं रसायनशास्त्राला धरून होतं. जड पाणी ॲल्युमिनियमच्या भांड्यात उकळलं की त्यातल्या क्षारांमुळे आतून काळपट पूट चढतं. पाण्यात थोडा आंबटपणा असला की ते चढत नाही. आणि चिंचेच्या बुटक्याएवढाच आंबटपणा, हे त्यातलं शहाणपण. ॲल्युमिनियमवरचं आवरण पाण्याचा पीएच साधारण ४ ते साडेआठ असेपर्यंत सुखरूप असतं. त्याच्या खाली तीव्र आम्ल त्याला खातं, वर तीव्र अल्कली खाते. व्हिनेगर ही मर्यादा ओलांडतं, म्हणूनच ते पातळ करून लावायचं, काही मिनिटंच ठेवायचं आणि लगेच धुऊन टाकायचं. तेवढ्या वेळात चुना जातो, धातूला फारसं काही होत नाही. कॉस्टिक सोडा असलेली भट्टी साफ करायची द्रावणं मात्र ॲल्युमिनियमला फसफसवत विरघळवतात. ब्लीचमधलं क्लोरीन त्यात बारीक खड्डे पाडतं. तारेच्या घासणीचे लोखंडी कण पत्र्यात रुततात, गंजतात आणि आपल्याबरोबर भोवतालच्या पत्र्यालाही नेतात.

सगळ्यात सावध राहायचं ते ‘क्षणात लख्ख’ असं आश्वासन देणाऱ्या बाटल्यांपासून. त्यांतल्या काहींमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याचे क्षार असतात. ते डागाखालचं आवरणच विरघळवतं, म्हणून तर पत्रा एकदम पांढराशुभ्र दिसतो. माणसाच्या कातडीतूनही ते आत शिरतं आणि शरीरातल्या कॅल्शियमला धरतं. कधीकधी दुखायला लागतं ते कित्येक तासांनी, तोवर इजा खोल गेलेली असते. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय असलं काही घरात आणू नये, हे मी भेटेल त्या नाववाल्याला सांगते.

आणि एवढं करून मिळवायचं काय? आरसा. पॉलिश करून आरशासारखी केलेली ॲल्युमिनियमची नाव बाजारात उठून दिसते, यात शंका नाही. पण ती चकाकी आवरण तासून आलेली असते, आणि हवा लागली की धातू पुन्हा आपल्या राखणीला लागतो. मग चकाकी टिकवायची म्हणून पुन्हा तासायचं, मेण चढवायचं, पुन्हा तासायचं. दर वेळी पत्रा थोडा जातो. करड्या नावेला यातलं काही लागत नाही. तिला फक्त परकं काढून टाकणारा हात हवा असतो.

धातूचा स्वभाव न पाहता केवळ रूप आणि वेग पाहिला तर काय होतं याचा मोठा दाखला म्हणजे ‘डिफेंडर’ ही शर्यतीची नौका. नॅथॅनियल हेरशॉफ यांनी १८९५ च्या अमेरिका कपसाठी ती बांधली. हलकी व्हावी म्हणून पाण्यावरचा भाग ॲल्युमिनियमचा, पाण्याखालचा कांशाचा, आतल्या फासळ्या पोलादाच्या. ती जिंकली. पण समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तांब्याच्या जातीचा धातू आणि ॲल्युमिनियम शेजारी आले की त्यांची एक विजेरी होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं. तिचं अंग भराभर पोखरलं गेलं. १९०१ मध्ये ती मोडीत निघाली.

आईला ही गोष्ट मी सांगितली ती तिच्याच एका कृतीमुळे. शरदात नाव बाहेर निघते तेव्हाच आपलं नवरात्र असतं. खंडेनवमीला तिनं झेंडूची माळ केली. इथे कडाक्याची थंडी पडेपर्यंत झेंडू फुलतो. धुतलेल्या नावेला तिनं हळदकुंकू लावलं. “शेतकरी औत पुजतो, सुतार पटाशी पुजतो. तुमची ही पाण्यातली अवजारं,” ती म्हणाली. मग देवघरातला तांब्याचा तांब्या भरून आणला, नावेच्या तळाशी एक नाणं ठेवलं आणि तांब्याही तिथेच ठेवायला वाकली.

“आई, नावेत तांबं नको ठेवूस. स्टीलचा आणते.”

“का गं? तांबं तर शुद्ध असतं.”

“याच्याशी त्याचं जमत नाही. मध्ये ओल आली की नाव झिजते. नाणंही राहून गेलं तर त्याच्याखाली खड्डा पडतो.”

तिनं नाणं उचललं, पदराला पुसलं आणि म्हणाली, “मग सुपारीवर भागवू. पूजा तिची आहे, तिला सोसेल तेच ठेवायचं.” त्या एका वाक्यात तिनं माझ्या साऱ्या खटाटोपाचं सार सांगितलं. आपल्याकडे अवजारं आधी घासूनपुसून घेतात आणि मग पुजतात. त्या दिवशी कोयत्याला धार असते, मूठ घट्ट असते, पण कोणी त्याचा आरसा करत नाही. ज्याच्या जिवावर वर्षभर काम झालं त्याच्याकडे एक दिवस तरी नीट पाहावं, एवढाच त्यामागचा भाव असतो. धुणं हा त्या पाहण्याचाच भाग आहे.

आता तळ्याकडे येते, कारण नाव धुण्याचं काम नावेपाशी संपत नाही. आमच्या शेजारचे वृद्ध गृहस्थ आयुष्यभर या तळ्यांवर मासेमारी करत आले आहेत. पहिल्या शरदात त्यांनी मला नावेच्या तळाशी उकिडवं बसवलं आणि म्हणाले, “डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस. तळहात फिरव.” गुळगुळीत पत्र्यावर एका जागी हाताला खरखर लागली, तर ते झेब्रा शिंपल्यांची पिल्लं असू शकतात. वाढलेला शिंपला बोटाच्या नखाएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा. तो चिवट धाग्यांनी स्वतःला जखडून घेतो, पत्र्याला, दगडाला, पाणवनस्पतींना, इतर शिंपल्यांच्या पाठीलाही. पिल्लं त्याआधी पाण्यात तरंगत असतात तेव्हा ती नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत.

मूळचे हे काळ्या आणि कॅस्पियन समुद्राकडचे. जहाजांच्या पोटात तोलासाठी भरलेल्या पाण्यातून ते अमेरिकेत पोचले. १९८८ मध्ये सेंट क्लेअर सरोवरात सापडले आणि पुढच्याच वर्षी मिनेसोटात, डलूथच्या बंदरात. तिथून राज्याच्या आतल्या तळ्यांत ते गेले ते मुख्यतः आपल्यासारख्यांच्या नावांवरून, ट्रेलरवरून, तळाशी साचलेल्या ओंजळभर पाण्यातून. कवच घडवायला त्यांना कॅल्शियम लागतं. म्हणून मऊ पाण्याच्या ईशान्येकडच्या तळ्यांत त्यांचं बस्तान नीट बसत नाही, आणि जिथे नावेवर पांढरी रेघ उठते ती जड पाण्याची तळी त्यांना मानवतात. जो चुना मी व्हिनेगरनं उतरवते त्याच चुन्याची ते घरं बांधतात. ती रेघ दिसली की मी तळ्याचा इशारा समजून तळहात जास्त काळजीनं फिरवते.

या शिंपल्यांनी तळ्याचं काय केलं ते पाहिलं की चकाकीवरचा माझा विश्वास पुरता उडतो. एक शिंपला दिवसाला सुमारे एक लिटर पाणी गाळतो. कोट्यवधी शिंपले मिळून अख्खं तळं गाळून काढतात. पाणी नितळ होतं, पूर्वी न दिसणारा तळ दिसू लागतो, आणि पाहुणे म्हणतात, किती स्वच्छ झालं हे! प्रत्यक्षात पाण्यातले सूक्ष्म जीव गेलेले असतात. माशांची पिल्लं ज्यावर जगतात तो घास गेलेला असतो. ऊन खोलवर पोचल्यानं तळाशी तण माजतं, आणि इथल्या मूळच्या शिंपल्यांच्या पाठीवर परक्यांचे थर चढून ते गुदमरतात. आरसा केलेल्या नावेचं आणि या नितळ तळ्याचं दुखणं एकच. दोघांचंही राखण गेलेलं असतं आणि बघणाऱ्याला ते शोभेचं वाटतं. पंचगंगेवर, पवनेवर जलपर्णीची हिरवीगार चादर पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागू नये. दुरून ती हिरवळच वाटते.

म्हणून मिनेसोटात कायदा आहे. तळ्यावरून निघताना नावेवरचं आणि ट्रेलरवरचं पाण्यातलं गवत आणि शिंपले काढायचे, तळाचं बूच उघडून पाणी सोडायचं आणि रस्त्यावर ते बूच काढलेलंच ठेवायचं. उरलेलं आमिष तळ्यात नाही, कचऱ्यात. दुसऱ्या तळ्यात जायचं असेल तर नाव निदान पाच दिवस कोरडी ठेवावी, किंवा ६० अंश सेल्सियस गरम पाण्याची धार प्रत्येक जागी दहा सेकंद तरी धरावी, असा इथल्या निसर्गसंपदा खात्याचा सल्ला आहे. धक्क्यावर गर्दी असते, मागे गाड्या खोळंबलेल्या असतात, मुलं कंटाळलेली असतात. तरी मी बाजूला गाडी घेऊन हे करते आणि मुलांकडूनही करवून घेते. ट्रेलरच्या चाकाच्या आतल्या बाजूला गुंतलेली गवताची काडी मुलांच्याच नजरेला आधी पडते, कारण ती तेवढी वाकू शकतात. इतर पाप-पुण्य मला त्यांना फारसं शिकवता आलेलं नाही, पण एका तळ्याचं पाणी दुसऱ्या तळ्यात न्यायचं नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलं आहे.

जे दिसतं ते सगळं मळ समजून एका दमात घासून टाकायची घाई आपल्यात फार आहे. भांडी घासताना आहे, जुन्या वास्तू ‘सुशोभित’ करताना आहे, नदीकाठ सिमेंटनं बांधून काढताना आहे. मंदिराच्या दगडावर ऑइलपेंट लावला जातो, काठावरची झुडपं उपटून फरश्या बसवल्या जातात, आणि त्या दगडाचं, त्या काठाचं स्वतःचं राखण निघून जातं ते कोणाच्या लक्षातही येत नाही. नाव धुताना माझ्या हाताला जी सवय लागली ती मला इतरत्रही उपयोगी पडते. हात घालण्याआधी मी विचारते: हे बाहेरून येऊन बसलं आहे, की याचं याला फुटलेलं आहे? बाहेरचं असेल तर ते ज्या वाटेनं आलं त्या वाटेनं परत जाईल का? आणि इथून काढलं तर ते जाऊन कोणाच्या अंगावर बसणार आहे? उत्तर मिळेपर्यंत थांबायची माझी तयारी असते. व्हिनेगरचं फडकं काम करत असताना तसंही थांबावंच लागतं.

म्हणून कोणी नवी नाव घेतली आणि ती कशी राखू असं विचारलं, तर मी साधं सांगते. मऊ ब्रश घे, सौम्य आम्ल घे, वेळ काढ. तळावरून तळहात फिरव. तळ्याचं पाणी तळ्यावरच सोडून निघ. आणि पत्रा करडा दिसला तर त्याला करडाच राहू दे. त्या करडेपणाच्या भरवशावर तुझी पोरंबाळं खोल पाण्यात बसणार आहेत.